ब्राउझर रुसतो तेव्हां

आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. सारी गल्ली त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही म्हणतों. निवृत्तिवेतनासाठीं लागणारा हयातीचा दाखला त्यांनीं २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत दिला होता, आणि तो दप्तरीं नोंदला गेला कीं नाहीं हें पाहावें म्हणून एके सकाळीं ते आपल्या संगणकापुढें बसले. संकेतस्थळ उघडेना. पडद्यावर एक चित्र आलें व त्याखालीं इंग्रजींत तीनचार ओळी. नानांनीं पुनःपुन्हां प्रयत्न केला, संगणक बंद करून चालू केला, आणि शेवटीं कंटाळून मोबाइलवर त्या कार्यालयाचा मदतीचा क्रमांक शोधूं लागले. शोधांत जो क्रमांक सर्वांत वर आला तो त्यांनीं फिरविला. पलीकडचा मनुष्य फार गोड बोलत होता. त्यानें एक ॲप मोबाइलवर उतरवून घ्यावयास सांगितलें व नानांनीं तें घेतलें. त्या ॲपचें काम एवढेंच, कीं नानांच्या मोबाइलचा पडदा त्या माणसास आपल्या जागीं बसून दिसावा. पाऊण तासानें नानांच्या खात्यांतून एक लाख चाळीस हजार रुपये गेले होते.

लाजेनें त्यांनीं रात्रभर कोणास सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मला बोलावणें आलें. संगणकाच्या पडद्यावर त्या तीनचार ओळी तशाच होत्या. मीं चष्मा लावून त्या वाचल्या व मला तेथेंच खालीं बसावेंसें वाटलें. त्या ओळींत काय लिहिलें होतें तें पुढें सांगतों, कारण तें समजण्यासाठीं ब्राउझर हा प्राणी काय करतो हें थोडें पाहावें लागेल.

पुष्कळ घरांत ‘इंटरनेट बंद पडलें’ असें म्हणतात तेव्हां अडलेला असतो तो ब्राउझर. आणि ‘ब्राउझर बिघडला’ म्हणतात तेव्हां दोष असतो रस्त्याचा, नाहीं तर पलीकडच्या कचेरीचा. ब्राउझर हा आपला निरोप्या व वाचक आहे. (कोणी त्याला न्याहाळक म्हणतात. शब्द गोड आहे, परंतु बाजारांत रुळला नाहीं. म्हणून मी ब्राउझरच म्हणेन.) टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत १९९० सालीं पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मोझेक नांवाचा ब्राउझर निघाला. त्यांत मजकूर व चित्रें एकाच पानावर दिसूं लागलीं आणि सामान्य माणसास त्याची गोडी लागली. आजचे क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे सारे त्याच जातीचे.

आपण एखाद्या स्थळाचें नांव लिहिलें कीं ब्राउझर प्रथम त्या नांवाचा क्रमांक विचारून घेतो. टेलिफोनच्या जुन्या पुस्तकांत आपण नांवावरून क्रमांक शोधीत असूं, तसेंच हें. मग त्या क्रमांकावरील यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, तो निरोप धाडतो. सर्व्हर आपली ओळख पटवितो व मागितलेलें पान तुकड्या-तुकड्यांनीं पाठवितो. अक्षरें वेगळीं, चित्रें वेगळीं, बटण दाबल्यावर काय करावयाचें त्याच्या सूचना वेगळ्या. ब्राउझर ते तुकडे जोडून पान मांडतो. एवढा व्यवहार डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होतो, म्हणून त्यांत इतके टप्पे आहेत हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. अडतें तें त्यांतील एखाद्याच टप्प्यावर.

मीं शाळेंत चौतीस वर्षें गणित शिकविलें. मुलाचें उत्तर चुकलें कीं तो सारें गणित खोडून पुन्हां मांडावयास लागतो, आणि बहुधा तीच चूक पुन्हां करतो. मी त्याला म्हणें, अरे, खोडूं नकोस. कोणत्या पायरीपर्यंत बरोबर आहे तें आधीं सांग. ब्राउझरच्या बाबतींत मला ह्याहून निराळी विद्या येत नाहीं. संगणक पुनःपुन्हां बंद-चालू करणें, दिसेल तें बटण दाबणें, एकदम पांच गोष्टी बदलणें, हें सारें गणित खोडण्यासारखें आहे. त्यानें कधीं कधीं दुरुस्ती होते हें खरें, परंतु कशानें झाली तें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस आपण पुन्हां तेथेंच उभे.

तेव्हां आधीं दुसरें एखादें स्थळ उघडतें का तें पाहावें. उघडत असेल तर आपला रस्ता मोकळा आहे व अडचण त्या एका स्थळापुरती आहे. कांहींच उघडत नसेल तर त्याच वायफायवर घरांतील दुसरें यंत्र चालतें का तें पाहावें. तेंही अडलें असेल तर ब्राउझरला हात लावूं नये. राउटरची वीज अर्धा मिनिट काढून पुन्हां द्यावी, आणि तेवढ्यानें न झाल्यास जोडणी देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करावी. मोबाइलचें वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावर तेंच स्थळ उघडून पाहणें ही ह्या चांचणींतील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. दोन वेगळ्या रस्त्यांनीं गेलें तरी दार बंदच, तर दार पलीकडूनच बंद आहे असें बहुधा समजावें.

दार पलीकडून बंद असलें कीं पुष्कळदां एक तीन आंकडी संख्या येते. तिचा धसका घेण्याचें कारण नाहीं. चारशेंनें आरंभ होणारी संख्या साधारणतः मागण्यांत कांहीं चुकलें असें सांगते: ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर तें पान नाहीं, ४०३ म्हणजे पान आहे पण तुम्हांस परवानगी नाहीं. पांचशेंनें आरंभ झाला कीं दोष सर्व्हरचा. ५०० म्हणजे त्याच्या पोटांत कांहीं बिघडलें, ५०३ म्हणजे तो दमला आहे किंवा दुरुस्तीसाठीं बाजूस बसला आहे. नोव्हेंबर महिन्यांत साऱ्या निवृत्तांची एकाच दारावर गर्दी होते. तेव्हां ५०३ आला तर चहा घ्यावा आणि तासाभरानें पाहावें. तुमच्या संगणकांत दुरुस्त करण्यासारखें तेथें कांहीं नसतें, आणि ‘मी दुरुस्त करून देतों’ असें फोनवरून सांगणारा मनुष्य खोटें बोलत असतो.

आतां खरी गंमत त्या प्रकारांत आहे, कीं दुसऱ्याच्या यंत्रावर स्थळ उघडतें, आपल्याच ब्राउझरवर अडतें. येथें खाजगी खिडकी उघडून पाहावी. क्रोम व एज ह्यांत कंट्रोल, शिफ्ट व एन ह्या कळा एकदम दाबल्या कीं ती उघडते. फायरफॉक्समध्यें एनच्या जागीं पी. मुलांची अशी समजूत असते कीं ह्या खिडकींतून काय पाहिलें तें कोणासच कळत नाहीं. ती चुकीची आहे; जोडणी देणाऱ्या कंपनीस व पलीकडच्या सर्व्हरास आपण दिसतच असतों. तिचा मोठा उपयोग दोष शोधण्यासाठीं आहे, कारण ती खिडकी कोरी असते. तिच्यांत जुन्या कुकी नसतात, जुना साठा नसतो, आणि बहुतेक ब्राउझरांत, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, बाहेरून जोडलेलीं एक्स्टेन्शनेंही तिच्यांत चालत नाहींत.

कुकी म्हणजे काय तें सांगतों. देवळाबाहेर चपला ठेवल्या कीं आपणांस एक बिल्ला मिळतो. परत येऊन तो दाखविला कीं पलीकडच्यास आपली ओळख पटते. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली ह्यांनीं ही युक्ति ब्राउझरांत आणली, कारण सर्व्हराची स्मरणशक्ति फारच अल्प होती. एका क्षणापूर्वीं कोण आलें होतें हें त्यास दुसऱ्या क्षणीं सांगतां येत नसे. बिल्ला आल्यावर तुम्ही आंत शिरलेले आहांत हें त्याला कळूं लागलें. परंतु बिल्ला गेल्या वर्षींचा असला, किंवा देवळानें बिल्ले बदलले असले, तर दारावर वाद होतो. पासवर्ड बरोबर असून पुन्हां पुन्हां प्रवेशाचेंच पान येणें, हें अशा जुन्या बिल्ल्याचें नेहमींचें लक्षण आहे. साठ्याचेंही तसेंच. एकदां आणलेलीं चित्रें व सूचना ब्राउझर घरांत ठेवून देतो, म्हणजे पुन्हां आणावयास नकोत. आणि मग स्थळ बदललें तरी तो कित्येकदां मागच्या आठवड्याचें वर्तमानपत्र आजचें म्हणून पुढें ठेवतो. कंट्रोल, शिफ्ट व आर दाबलें कीं तो साठा बाजूस ठेवून पान ताजें आणतो. विंडोजवरील बहुतेक ब्राउझरांत हें चालतें.

खाजगी खिडकींत स्थळ नीट उघडलें, तर दोष बिल्ल्यांत, साठ्यांत किंवा एक्स्टेन्शनांत आहे. त्यावर पुष्कळ लोक ‘सगळें पुसून टाका’ असा सल्ला देतात. मला तो पसंत नाहीं. पत्त्याच्या डावीकडे जें लहानसें चिन्ह असतें त्यावर क्लिक केलें कीं त्या एका स्थळापुरत्या कुकी काढून टाकण्याची सोय सांपडते. एका खोलींत झुरळ दिसलें म्हणून सारें घर रिकामें करूं नये. सगळेंच पुसावयाची वेळ आली तरी कांहीं ब्राउझरांत त्या यादींत ‘पासवर्ड’ असा एक चौकोन असतो. त्यांत खूण असेल तर साठविलेले पासवर्डही जातात. हें मीं स्वतः एकदां केलें आहे, व त्यानंतरचा सारा रविवार पासवर्ड बदलण्यांत घालविला आहे.

एक्स्टेन्शनांची गोष्ट वेगळी. माझ्या भाचीला एका परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता आणि शेवटच्या दिवशीं पानावर ‘सादर करा’ हें बटणच दिसेना. जवळच्या एका दुरुस्तीवाल्यानें संगणक ठेवून जा, दोन दिवसांत विंडोज नवें घालून देतों, म्हणून सांगितलें. खाजगी खिडकींत तें बटण लखलखीत दिसत होतें! अर्ज तिनें तेथूनच भरला, आणि मग संध्याकाळीं आम्ही चोर शोधावयास बसलों. तिच्या ब्राउझरांत आठ एक्स्टेन्शनें होतीं. एकेक बंद करून पाहिलें तर कदाचित् सात वेळां पाहावें लागलें असतें. आम्हीं एकदम चार बंद केलीं. बटण दिसलें नाहीं, म्हणजे चोर उरलेल्या चारांत. त्यांतलीं दोन बंद केलीं, बटण आलें. त्या दोनांतलें एक पुन्हां चालू केलें, बटण गेलें. तीन खेपांत चोर हातीं लागला. सोळा असतीं तर चार खेपा लागल्या असत्या. निम्में-निम्में करण्याची ही रीत संगणकाचे कारागीर रोज वापरतात, आणि दिव्यांच्या माळेंतला बिघडलेला भागही तिनेंच लवकर सांपडतो. चोर निघाला तो जाहिराती अडविणारा एक रखवालदार. त्या बटणासच तो जाहिरात समजला होता. त्याला घालवून दिला नाहीं, फक्त त्या एका स्थळापुरती रजा दिली. बाकीच्यांपैकीं चार मात्र काढून टाकलीं, कारण तीं कशासाठीं घेतलीं होतीं हें तिलाच आठवेना. एक्स्टेन्शनाला कित्येकदां आपण उघडतों तें प्रत्येक पान वाचण्याची मुभा असते. इतका अधिकार असलेला नोकर घरांत ठेवावयाचा तर तो कोण हें ठाऊक असावें.

आतां नानांच्या पडद्याकडे येतों. त्या इंग्रजी ओळींचा अर्थ असा होता: तुमचें घड्याळ मागें आहे, संगणकावरील तारीख व वेळ चुकीची असल्यामुळें ह्या स्थळाशीं सुरक्षित जोडणी करतां येत नाहीं.

सर्व्हर आपली ओळख पटवितो असें मीं मघां म्हटलें. ती ओळख म्हणजे एक प्रमाणपत्र असतें व त्यावर दोन तारखा असतात, केव्हांपासून व केव्हांपर्यंत. ब्राउझर तीं पाहतो आणि आपल्या संगणकाच्या घड्याळाशीं ताडतो. नानांच्या संगणकाचें घड्याळ कित्येक वर्षें मागचा १ जानेवारी दाखवीत होतें. त्या दिवशीं तें प्रमाणपत्र जन्मासच आलें नव्हतें. ब्राउझरनें त्याला खोटें ठरविलें हें त्याच्या दृष्टीनें योग्यच झालें. घड्याळ मागें कां गेलें? संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ ह्या नांवाचा. वीज नसतांना घड्याळ त्यावर चालतें. कांहीं वर्षांनीं तो संपतो. नाना काटकसरी, रोज रात्रीं भिंतीवरचें बटण बंद करून झोंपत, आणि रोज रात्रीं त्या घड्याळाचा प्राण जाई. एरवीं विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतें, परंतु अंतर वर्षांचें पडलें कीं बहुधा तें आपण होऊन इतकी मोठी उडी घेत नाहीं. तारीख हातानें द्यावी लागते. सेल शंभर रुपयांच्या आंत मिळाला. बदलावयास दहा मिनिटें लागलीं.

नाना चांगले शिकलेले आहेत, इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचतात. तरी त्यांनीं त्या ओळी वाचल्या नाहींत. मीं विचारलें तेव्हां म्हणाले, "मास्तर, तें आपल्यासाठीं लिहिलेलें असतें असें मला वाटलेंच नाहीं." ह्या वाक्याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. परीक्षेंत प्रश्न न वाचतां उत्तर लिहिणारीं मुलें मीं शेंकड्यांनीं पाहिलीं. परंतु नानांचा प्रकार निराळा होता. यंत्र बोलतें तें कारागिराशीं, अशी त्यांची समजूत. संदेश वाचावा, मोठ्यानें वाचावा, इंग्रजी जड गेलें तर घरांतील मुलाकडून वाचून घ्यावा, निदान वहींत उतरून ठेवावा. हें केलें असतें तर एक लाख चाळीस हजार रुपये त्यांच्याच खात्यांत राहिले असते.

उलट, वाचूं नयेत असेही संदेश असतात. अचानक सारा पडदा भरून ‘तुमच्या संगणकांत व्हायरस शिरला आहे, ह्या क्रमांकावर फोन करा’ असें येतें, कर्कश भोंगा वाजतो, पान बंद होत नाहीं. एखादें वेबपान तुमचा संगणक तपासून व्हायरस ओळखूं शकत नाहीं. आणि क्रोम, फायरफॉक्स वा विंडोज ह्यांची खरी सूचना कधींही फोन करावयास सांगत नाहीं. एस्केपची कळ दाबून धरावी, मग कंट्रोल व डब्ल्यूनें तें पान मिटावें. न मिटल्यास ऑल्ट व एफ ४ नें ब्राउझरच बंद करावा, आणि पुन्हां उघडतांना जुनीं पानें परत मागूं नयेत. कोपऱ्यांत वरचेवर अशाच धमक्या डोकावत असतील, तर पूर्वीं कधीं तरी एखाद्या स्थळानें ‘सूचना पाठवूं का’ असें विचारलें असतां आपण ‘हो’ म्हणून बसलों आहों असें समजावें. सेटिंगमध्यें ‘नोटिफिकेशन’ ह्या सदराखालीं परवानगी दिलेल्यांची यादी असते. अनोळखी नांवें काढून टाकावीं.

मदतीचा क्रमांक शोधावयाचाच तर तो पासबुकावरून, कार्डाच्या पाठीवरून किंवा कचेरीच्या जुन्या पत्रावरून घ्यावा. शोधयंत्रांत वर येण्यासाठीं पैसे देतां येतात, व ठकांजवळ पैसे असतात, ते आपलेच. आणि दुर्दैवानें पैसे गेलेच, तर १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर त्याच क्षणीं फोन करावा. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत भराभर पळविली जाते. ती वाटेंत असतांनाच गोठविणें शक्य असतें. नानांची एक रात्र लाजेंत गेली. सकाळीं आम्हीं फोन केला तेव्हां एका खात्यांत बत्तीस हजार रुपये अडकलेले निघाले, ते पुढें कांहीं महिन्यांनीं परत मिळाले. बाकीचे मिळाले नाहींत.

त्यांच्याकरितां मीं आणखी दोन गोष्टी केल्या. पासवर्ड एका चिठ्ठीवर होते, सगळीकडे एकच; ते आतां ब्राउझरांतील पासवर्डांच्या पेटींत ठेवले आहेत. बिटवॉर्डनसारखें स्वतंत्र साधनही चालतें. ह्या पेट्यांचा एक गुण लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. आपला डोळा बँकेच्या नांवांतील एका अक्षराचा फेरफार पाहूं शकत नाहीं. पेटी मात्र पत्ता अक्षर न् अक्षर ताडते, आणि तो जुळला नाहीं तर पासवर्ड आपण होऊन पुढें करीत नाहीं. पेटी गप्प बसली कीं आपणही थांबावें. दुसरी गोष्ट, एक शंभर पानी वही. तारीख, पडद्यावर काय आलें, काय बदललें, काय झालें, एवढे चार रकाने. आठवड्यास एक कळ शिकावयाची हाही आमचा नेम आहे. पहिल्या आठवड्यांत कंट्रोल व अधिकचें चिन्ह, ज्यानें अक्षर मोठें होतें. नानांनीं आजवर त्या इंग्रजी ओळी न वाचण्याचें निम्में कारण तें बारीक अक्षरच असावें असा मला दाट संशय आहे. दुसऱ्या आठवड्यांत कंट्रोल, शिफ्ट व टी, ज्यानें चुकून मिटलेलें पान परत येतें. ह्या कळेवर ते इतके खूष झाले कीं कांहीं दिवस मुद्दाम पानें मिटून परत आणीत बसत.

परवां त्यांचा फोन आला. मीं धास्तावून उचलला. "मास्तर, ५०३ आला आहे. वहींत लिहिलें. चहा ठेवला आहे, या," असें म्हणून त्यांनीं फोन ठेवला.